पिठलं कुणाचं?

कुमुदिनी ऑफिसातून मांबलम स्टेशनवर उतरायची आणि घरी येऊन हातपाय धुते न धुते तोच गरम पिठलं-भात वाढायची. सासूबाई जयवंतीबाई तेवढ्यात देवळातून परतत. त्यांना हे काही खरं वाटेना. मद्रासच्या हॉटेलात पिठलं कुठलं मिळायला? म्हणजे शेजारची तंजावरी मराठी अलमेलूच चोरून रांधून देत असणार!

एके दिवशी त्या मुद्दाम लवकर परतल्या. सून अजून यायची होती, तरी फोडणीचा वास दारापर्यंत आलेला.

"सापडलीस, अलमेलू!" म्हणत त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं.

आत त्यांचे यजमान वसंतराव पिठल्यातल्या गुठळ्या मोडत होते.

"सून दमून येते गं," ते ओशाळून म्हणाले.

ह्या माणसाला जन्मभर पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागला होता.

"आणि मी?" जयवंतीबाईंनी विचारलं. "मी कधी दमलेच नाही?"