तीन हिरवे ठिपके

रॉइसनं पिस्तुलावर अंधारात चमकणारे ठिपके बसवून आणले, तेव्हा घरात पाळणा हलल्यासारखा आनंद झाला होता त्याला.

"दिवा घालव," म्हणाला. मी घालवला. पलंगाशेजारच्या टेबलावर तीन हिरवे ठिपके उमटले, काजव्यांएवढे.

"बघ, चाचपडायला नको, हात सरळ पिस्तुलावर. आणि नेम धरताना तिन्ही एका रेषेत आणायचे, झालं."

"म्हणजे चोरालाही कळणार, तू कुठे उभा आहेस ते."

"नाही गं. त्यांचं तोंड धरणाऱ्याकडे असतं. समोरच्याला काही दिसत नाही."

"आणि समोर कोण आहे, ते तुला दिसतं का त्यांच्यात?"

यावर माझ्या नवऱ्यानं दिवा लावला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

बंदुकीचं मला वावडं नाही. आर्कान्सामधल्या आमच्या या डोंगरात शेरीफची पोलीस-गाडी येईपर्यंत चोर सामान बांधून, झोप काढून जाईल. माझं भांडण वेगळंच होतं. आधी ते पिस्तूल कुलुपाच्या पेटीत असायचं. ठिपके आले आणि ते टेबलावर आलं, कारण पेटीत ठेवलं तर ठिपके दिसणार कुणाला! आणि घरात होते माझे सासरे हॉलिस. सासूबाई मेव्हिस गेल्यापासून त्यांचे बूट फ्रिजमध्ये सापडायचे, आणि मी वाढायला गेले की कधीकधी ते पाहुण्यासारखे संकोचून बसायचे. रॉइसला हे सांगितलं की त्याचं एकच उत्तर, "वय झालंय डॅडींचं, एवढंच." बापाचं डोकं चाललंय हे त्याला बघवत नव्हतं, म्हणून तो बघतच नव्हता.

एक गोष्ट मात्र मी भांडून मिळवली होती. गोळ्या पिस्तुलात असल्या तरी नळीत एकही नको, वरचा भाग मागे खेचल्याशिवाय बार उडता कामा नये.

"मग चोराला काय सांगू? थांब बाबा, कॉफी घे, तोवर मी भरतो?"

"सांग. वर माझ्याकडून साखर घाल."

तो हसला, पण ऐकलं त्यानं.

जानेवारीत बर्फाचं वादळ आलं. पाऊस पडता पडता गोठत होता. तारांवर, झाडांवर बोटभर जाडीचा बर्फ चढला आणि ओकच्या फांद्या धाडधाड मोडायला लागल्या. दुपारीच वीज गेली. रॉइस इथल्या वीज कंपनीत लाइनमन आहे, त्यामुळे वीज गेली की आमच्या घरातला पुरुषही जातो. संध्याकाळी अंधार पडताना मी डॅडींना शेगडीजवळ पांघरूण देऊन बसवलं आणि टॉर्च घेऊन मागच्या खोपटातून लाकडं आणायला गेले. पायऱ्यांवर बर्फ होता, वेळ लागला.

परत आले तर शेगडीजवळची खुर्ची रिकामी. हाक मारली. उत्तर नाही. बाथरूममध्ये असतील म्हणून लाकडं ठेवली, टॉर्चची बॅटरी पुरवायची म्हणून तो विझवून खिशात टाकला आणि त्यांच्यासाठी आणखी एक रजई आणायला आमच्या खोलीत शिरले. स्वतःच्या घरात दिवा कशाला लागतो!

पलंगाशेजारी अंधार होता. नुसता अंधार. ठिपके नव्हते.

हातानं टेबल चाचपलं. चष्म्याचं घर, मलमाची डबी, घड्याळ. पिस्तूल नाही.

मी खोलीच्या दाराशी आले. घरातल्या बोळाच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या दरवाज्याजवळ, छातीच्या उंचीवर तीन हिरवे ठिपके तरंगत होते. थोडे थरथरत होते.

ते दिसले आणि मला चक्क हायसं वाटलं. ठिपके दिसतायत म्हणजे मी मागे आहे. डॅडींची पाठ माझ्याकडे आहे, नळी दरवाज्याकडे आहे. बाहेर फांद्या मोडत होत्या, आणि त्या बिचाऱ्यांना वाटत होतं कुणीतरी घर फोडतंय.

मी एक पाऊल पुढे टाकलं. पायाखालची फळी करकरली. ठिपके आडवे सरकले आणि विझले.

ते विझत नसतात. विझले म्हणजे नळी माझ्याकडे वळली, एवढंच. कुठेतरी टक् झालं. छपरावरचा बर्फ तडकला असेल.

"डॅडी, मी डार्ला."

"कोण डार्ला?"

मी टॉर्च काढला. त्यांच्या डोळ्यांवर मारला तर घाबरतील, म्हणून स्वतःच्याच तोंडावर धरला. बघा म्हटलं, नीट बघा, सून आहे तुमची.

"मी तुला ओळखत नाही," ते म्हणाले. "माझ्या घरातून चालती हो."

उजेड माझ्यावर होता, चेहरा समोर होता, आणि तरी त्यांना चोरच दिसत होता. मी टॉर्च विझवला. मेव्हिसबाई ज्या सुरात नवऱ्याला झापायच्या, तो सूर कुठून गळ्यात आला देव जाणे.

"हॉलिस! चिखलाच्या बुटांनी कुठे हिंडतोयस घरभर? आत्ता पुसलीय मी फरशी. ते हातातलं दे इकडे आणि जेवायला बस."

मग अंधारातून आवाज आला, लहान मुलासारखा. "चुकलं, मेव्हिस."

ते लोखंड माझ्या हातात आलं. न बघताच मी ते मक्याच्या पिठाच्या डब्यात खुपसलं आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पोटभर रडले. रात्रभर त्यांच्या शेजारी जागी बसले.

सकाळी वीज आली आणि मागोमाग रॉइस आला, हात थंडीनं फाटलेले. तिघं अंडी खायला बसलो. मी सांगायला तोंड उघडणार, तर डॅडीच बोलले, अगदी शांतपणे.

"काल एक बाई शिरली होती घरात. नेम धरून चाप ओढला मी. वाजलंच नाही. नशीब तिचं! मग मेव्हिसनं जेवायला हाक मारली."

रॉइस हसायला लागला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"पिस्तूल कुठाय?"

मी डब्याकडे बोट दाखवलं. त्यानं ते काढलं, पीठ झटकलं. नळीत गोळी नसली तरी त्या पिस्तुलाचा चाप एकदा ओढला की मागेच बसून राहतो. तो मागे बसला होता. नळी रिकामी होती, खालच्या गोळ्या सगळ्या जागेवर होत्या.

टक्. छपरावरचा बर्फ नव्हता तो.

रॉइस होता तिथेच जमिनीवर बसला. "डार्ला," म्हणाला.

डॅडींनी कप पुढे केला. "बाई," मला म्हणाले, अगदी अदबीनं, "अजून थोडी कॉफी मिळेल का?"

मी ओतली. थोडी बशीत सांडली.