सोडून दिलेले मासे

बाबांनी उभा जन्म तळ्याची राखण केली आणि गुडघे कुरकुरायला लागले तशी ती लेकीच्या हाती दिली. सोबत नियमही दिला. गळाला लागलेला मासा आजारी दिसला तर त्याला मारायचं नाही, अलगद पाण्यात सोडायचं. "पाण्यातलं दुखणं पाणीच बरं करतं," बाबा म्हणायचे. गळ टाकून बसणारी मंडळी तशी एक नंबरची थापाडी, त्यांचा वीतभर मासा घरी पोचेपर्यंत हातभर व्हायचा. पण हा नियम सगळे इमानाने पाळायचे.

यंदा माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, चट्ट्यांच्या जखमा झाल्या. मंडळी हळहळायची आणि मासा सोडून द्यायची. शेवटी माशांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सगळं तपासलं आणि लेकीला बाजूला घेतलं.

"पाण्यात खोट नाही. एकाचं दुसऱ्याला लागतंय. आजारी मासे वेळीच काढले असते तर एवढं पसरलं नसतं. आता तरी दिसेल तो काढा, मारा आणि पुरून टाका."

हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? लेकीने सांगितलंच नाही. बाबा उठायच्या आत ती होडी काढायची आणि जाळीने जखमी मासे उचलायची.

एकदा बाबा लवकर उठले. धक्क्यावर आले, तर लेकीच्या हातात दांडका आणि पुढ्यात मेलेल्या माशांची बादली.

"अगं, जीव आहे तो! माझी पोर ना तू? एवढं दगडाचं काळीज कुठून आणलंस?"

एका वाक्यात ती सुटली असती. पण ती मूग गिळून उभी राहिली. रागावलेला बाप परवडला, खचलेला नको. बाबांनी बोलणंच टाकलं. जेवताना मीठसुद्धा मागेनात, उठून स्वतः घ्यायचे. ती एकटीच रडायची.

पण बाबा काही दुधखुळे नव्हते. बादलीत फक्त चट्ट्यांचेच मासे असतात, हे त्यांनी पाहिलं होतं. एका सकाळी ते आपणहून धक्क्यावर आले.

"आपण सोडत होतो, त्यांच्यामुळेच पसरलं ना?"

"नाही हो, बाबा!" ती इतक्या घाईने म्हणाली की खोटं लगेच उघडं पडलं.

बाबा धक्क्याच्या फळ्यांवर मटकन बसले. "मी त्यांना बरं व्हायला सोडत होतो गं," म्हणाले आणि हमसून हमसून रडले. लेकीने त्यांना जवळ घेतलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. "जाळीने किती सापडणार तुला? तुला बघून पळतात ते. सर जरा."

त्यांनी मूठभर दाणे घेतले आणि नेहमी खाऊ घालताना वाजवायचे तशी बोटांनी फळी वाजवली. मासे वर आले, धडधाकट आले, जखमीही आले. बाबांनी पाण्यात हात घातला. एक जखमी मासा आपसूक तळहातावर येऊन दाणे टिपू लागला. त्यांनी तो उचलला आणि मान फिरवून लेकीकडे दिला.

"झटकन कर. त्याला कळायला नको."

मग त्यांनी पुन्हा फळी वाजवली.