घेऊ का हिला?

मी गालिचा बोलतोय. नाक मुरडू नका. डाग आहेत माझ्यावर, पण एकेक डाग कमावलेला आहे.

नवा होतो तेव्हा लाल-निळ्या नक्षीचा, पाऊल रुतेल इतका जाड होतो. एका बड्या साहेबांच्या केबिनमध्ये मला अंथरलं. भेटायला येणारे माझ्या काठाशीच घुटमळायचे आणि मी फुशारून जायचो. पुढे साहेब बदलले, नव्या साहेबांना माझ्यामुळे शिंका यायला लागल्या आणि मला गुंडाळून जिन्याखाली कोंबलं. तिथून ताईंनी मला आणलं.

ताई एक गट चालवतात. ज्यांना आपलं तान्हं बाळ अजून आपलंसं वाटत नाही, असे आईबाप आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे येतात. खोलीत खुर्ची नाही. बाळाला माझ्यावर उताणं ठेवायचं, आपणही शेजारी आडवं व्हायचं आणि बाळ करेल ते करायचं. त्याने जीभ काढली की आपणही काढायची. चांगली मोठी माणसं जिभा काढून लोळताना पाहिली आणि म्हटलं, कुठे येऊन पडलो मी! त्यातच एका पोराने माझ्या नक्षीवर दूध ओकलं. केबिनमध्ये असं करायची कुणाची छाती नव्हती.

मग घड्याळवाली आली. ती घड्याळं दुरुस्त करायची. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना तिचा हात हलायचा नाही म्हणे, पण स्वतःची मुलगी उचलायची म्हटलं की ती पुढे केलेला हात मागे घ्यायची. दर वेळी ताईंना विचारायची, "घेऊ का हिला?"

मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली होती. कितीतरी आठवडे ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिथे हात धुऊन, विचारूनच तिला हात लावायचा. मुलगी घरी आली तरी आईची ती सवय सुटेना. एकदा तिने गटात सांगून टाकलं, "तिच्या खऱ्या आया त्या नर्सच. मी नुसती भेटायला जायचे."

त्यावर गटातला एक बेकरीवाला, जुळ्यांचा बाप, म्हणाला की त्यालाही स्वतःची पोरं कितीतरी दिवस शेजाऱ्यांची वाटत होती, आणि एकदा तर त्याने एकालाच दोनदा दूध पाजलं. घड्याळवाली हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ताई नेहमी "घ्या की" म्हणायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "मला नका विचारू. तिलाच विचारा."

घड्याळवाली माझ्यावर पालथी झाली. मुलीजवळ तोंड नेऊन म्हणाली, "घेऊ का गं तुला?" आणि थांबली. मुलगी बराच वेळ छताकडे बघत होती. मग तिची नजर फिरत फिरत आईवर आली आणि तिथेच राहिली. आई रडली. ओलं झाल्याचा मला त्या दिवशी राग आला नाही.

पण खरी कसोटी पुढेच होती. एका सकाळी मुलीने असा आकांत मांडला की काही केल्या थांबेना. बेकरीवाला खुळखुळा वाजवून दमला. शेवटी ताईंनी हात पुढे केले. घड्याळवालीने ते हळूच बाजूला सारले.

"थांबा ताई. माझी आहे ती. माझ्याकडे येईल."

तिने मुलीला उचलून छातीशी धरलं. मुलगी आणखीच जोरात रडली. माझा जीव टांगणीला लागला. पण आईने कुणाकडे पाहिलं नाही. लेकीच्या कानाशी काहीबाही पुटपुटत ती माझ्यावर येरझाऱ्या घालत राहिली. तिचं एकही पाऊल डगमगलं नाही. हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं, मुलीने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि तशीच झोपी गेली. बेकरीवाल्याने आनंदाने टाळी वाजवली, त्यासरशी त्याची जुळी रडायला लागली आणि सगळा गट हसायला.

निघताना ताई म्हणाल्या, बूट घालेपर्यंत मी धरते. "राहू द्या, जमेल मला," ती म्हणाली. खांद्यावर झोपलेली लेक, आणि एका हाताने नाड्यांशी झटापट. सगळे थांबून बघत होते. एक नाडी सुटीच राहिली. तशीच ती ताठ मानेने दाराबाहेर पडली.

आता माझी झालर पोरांनी चघळून संपवली आहे. ताई नवा गालिचा आणायचं म्हणतात. खुशाल आणा, मी तृप्त आहे. फक्त त्याला फार जपू नका. सुरुवातीला कुरकुर करेल, करू द्या. त्याच्यावर बाळं ठेवा आणि शेजारी तुम्हीही आडवे व्हा.