एकटीच चहा पिणारी बाई

आमच्या परभणीच्या घरात तीन वर्षं चार इंग्रज बायका स्वयंपाकघरात राहिल्या. एक पियानोपाशी, एक पत्र वाचत, एक मांजर घेऊन आणि एक चहा पीत. मी मेथी निवडायला बसले की चौघी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांच्याकडे धुण्याभांड्याला आहे.

त्या आणल्या माझ्या नवऱ्याने, अवधूतने. एके काळी देवगाव फाट्यावरच्या हॉटेलांचे निम्मे बोर्ड त्याच्या हातचे होते. मग फ्लेक्स आले आणि बाकीचे पेंटर छपाईच्या मशीनकडे वळले. याने कॅनव्हास आणला. मोबाइलवर त्याला राणी व्हिक्टोरियाच्या काळातली चित्रं सापडली होती, घरांच्या आतली. पडदे, गालिचे, भिंतीतली शेकोटी आणि मधोमध फुरंगटलेली एखादी बाई. ती तो हाताने जशीच्या तशी उतरवायचा. मुळात असेल ते सोडायचं नाही, नसेल ते घालायचं नाही, हा त्याचा धर्म. एका पडद्याच्या झालरीला त्याने पंधरा दिवस घातले. दुसऱ्याची बैठक आपल्या बैठकीत कोण टांगेल, असं मी शाळेत शिकवून आल्यावर रोज त्याला ऐकवायची.

टांगली पेडगावच्या किशनरावांनी. त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि त्यांच्या व्याह्यांच्या हॉलमध्ये धबधब्याचा वॉलपेपर होता. त्या धबधब्याला खाली बघायला लावणारं काहीतरी त्यांना हवं होतं. त्यांनी चहावाली निवडली, कारण ती सगळ्यांत मोठी होती. सोफ्याच्या समोर ती लागली तेव्हा अवधूतचे डोळे भरून आले. त्याचं चित्र पहिल्यांदाच परक्या भिंतीवर चढलं होतं. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

आठव्या दिवशी किशनरावांचा फोन आला, ताबडतोब या म्हणून.

झालं होतं असं. किशनरावांच्या बायकोचा, धुरपताबाईंचा भाऊ बन्सीधर चुडाव्याहून आला आणि सोफ्यावर बसला. म्हशीची धार काढायची होती, त्यामुळे चहाला उशीर झाला. समोर ती इंग्रज बाई बन्सीधरच्या डोळ्याला डोळा भिडवून सावकाश चहा पीत होती. टेबलावर किटली होती, पण दुसरा कप नव्हता. त्या माणसाने दहा मिनिटं सोसलं, मग पिशवी उचलली आणि स्टेशन गाठलं. आमच्याकडे हप्ता मागायला आलेल्या माणसालाही आधी चहा विचारतात.

धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई लय देखणी हाय. पण पाहुण्याला पुसत न्हाई. आसली बाई मी घरात कशी ठिवू?"

अवधूतने समजावलं की चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, बाई विलायतेची आहे आणि घरात एकटीच आहे.

"एकटी हाय म्हणूनच म्हणते," त्या म्हणाल्या. "कुणी आलंच तर?"

कप घाला नाहीतर चित्र घेऊन जा, असं किशनरावांनी सांगून टाकलं. कप घातला तर नक्कल खोटी, आणि परत आणलं तर ते पुन्हा माझ्या मेथीसमोर. त्या दिवशी तो जेवला नाही. मीच म्हटलं, घाला एक कप, त्याने काय आभाळ कोसळणार आहे. त्याने दात-ओठ खात निळ्या काठाचा एक कप घातला. मग धुरपताबाईंच्या लक्षात आलं की सोफ्यावर पाच जण बसतात. कप पाच झाले. पाच जणांना किटली पुरेना म्हणून तीही वाढवली. बन्सीधर पुन्हा आला, त्याने कप मोजले आणि खरा चहा दोनदा घेतला.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. महिन्याभरात अकरा घरांनी तीच बाई मागितली, आपापल्या सोफ्याच्या मापाने. एकाला नऊ कप हवे होते, एकाला सोबत भजी. अवधूतने सगळं काढून दिलं आणि शेवटी एक चित्र स्वतःसाठी काढलं. मुळात होतं तसं, एक बाई आणि एक कप. ते आमच्या पुढच्या खोलीत लावून तो म्हणाला, "रेणुका, ह्याला कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई." मी शब्द दिला. त्याचं एवढं तरी खरं राहावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात माझी आई सेलूहून आली. तिला चित्रासमोर बसवून मी दूध तापायला ठेवलं आणि सिलिंडर संपलं. शेजारून दुसरं आणेपर्यंत अर्धा तास गेला. आई पदर सावरून बसली होती आणि समोर ती बया निवांत घोट घेत होती. मी माफी मागितली.

"आसू दे गं," आई म्हणाली. "तिचं होऊ दे आधी. मी थांबते."

माझा जीव अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी आई गेली. अवधूतही राहिलेले पैसे आणायला पेडगावला गेला, तेव्हा मी त्याचा ब्रश उचलला. पाच मिनिटांत कप काढला. तो एका बाजूला कलला होता, कान त्याच्याहून मोठा झाला होता आणि एकंदरीत तो तांब्या दिसत होता. पुसायला गेले तर टेबलही पुसलं जायला लागलं. मग मात्र मला रडू कोसळलं. अकरा घरांनी मिळून केलं नाही ते मी एकटीने केलं होतं.

संध्याकाळी तो आला. मी काही लपवलं नाही, आईचं बोलणंही सांगितलं. तो चित्राजवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ गेला. मग त्याने ब्रश उचलला.

"बशी राहिली की," तो म्हणाला. "आईच्या साडीवर सांडंल."