कोपऱ्यातला स्लो चार्जर

हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनच्या बाथरूममधून हात पुसत ती बाहेर आली, तोवर बाबांनी कोपऱ्यातल्या स्लो चार्जरची गन गाडीत खोचलीसुद्धा होती. शेजारचा फास्ट चार्जर हिरवा दिवा लावून मोकळा उभा होता.

“बाबा, हा कशाला लावलात? याने चार तास जातील. तिकडे अर्ध्या तासात निघालो असतो.”

बाबांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग चार्जरकडे. चुकून लागला, म्हणाले. मोतीबिंदू पिकल्यापासून त्यांच्या सगळ्या चुका डोळ्यांच्या खात्यावर जमा होत होत्या, म्हणून तिनं ताणलं नाही. दुपारी पलीकडच्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती. म्हणूनच आज स्टिअरिंग तिच्या हाती होतं. खरं तर बाबा वाटेत थांबायलाच तयार नव्हते. ही बया पोचते बरोबर, तुझं सायन्स तुझ्यापाशी ठेव, असं गाडीला थोपटत रस्ताभर ऐकवत आले होते. पण बॅटरीच्या आकड्याशी हुज्जत घालता येत नाही.

गन काढायला ती वाकली, तेवढ्यात कॅन्टीनवाल्या बाई कॉफीचे दोन कप घेऊन आल्या. कुणी मागवली नव्हती. बाबांच्या हाती कप देताना, बिनसाखरेची आहे, असंही त्यांनी सांगितलं.

“काका, आज अधल्यामधल्या वारी? आणि नात नाही आली?”

तिला हसूच आलं. बाईंचा माणूस चुकला होता. तिचं तर लग्नही झालेलं नव्हतं, आणि बाबांना दुसरं –

हसू ओठांवर तसंच राहिलं.

दुसरं मूल होतं. धाकटा भाऊ. त्यानं मनाविरुद्ध लग्न केलं त्या दिवशी बाबांनी त्याच्या नावानं आंघोळ केली होती, आणि बाबांकडे बघून तिनंही त्याला तोडलं होतं. तो फोन करायचा. समोर बाबा बसलेले असायचे. ती कट करायची. पुढे फोन यायचेच थांबले.

“ही माझी मुलगी,” बाबा कपात बघत बाईंना म्हणाले.

“अच्छा. त्या ह्या.”

बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. हातातला दुसरा कप तिला न देता बॉनेटवर ठेवला आणि त्या निघून गेल्या.

ती गनची मूठ धरून तशीच वाकलेली राहिली. कधीपासून, एवढंच तिनं विचारलं. मग बाबा तुकड्यातुकड्यानं बोलू लागले. दर शनिवारी बुद्धिबळाचा डाव आहे म्हणून ते घरून निघायचे, तो डाव नव्हताच कधी. ते इकडून यायचे, भाऊ पलीकडून, मुलीला घेऊन. फास्ट चार्जरवर गाडी भरत आली की मागचे लोक हॉर्न वाजवतात. इथं कुणी उठवत नाही. पोरगी आता शाळेत जायला लागली. मागच्या सीटवर उताणी पडून गाणी म्हणते.

“मग घरी का नाही आणलंत त्यांना?”

बाबांनी कप या हातातून त्या हातात घेतला.

“त्याला सांगितलंय,” ते म्हणाले, “ताईला चालणार नाही.”

चार्जरच्या पडद्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षरं सगळी ओळखीची होती, अर्थ मात्र लागेना.

“माझ्या तोंडून माघार निघेना गं,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी हळूच सुचवलं की अजून वेळ गेलेली नाही, फास्टला लावली तर डॉक्टरांकडे पोचू. तिनं मूठ सोडली, सरळ उभी राहिली आणि हात पुढे केला.

“फोन द्या तुमचा. नंबर लावून द्या.”

“काय बोलणार आहेस त्याला?”

तिचा हात तसाच पुढे होता. शेवटी बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेत नंबर लावला आणि तिच्याकडे दिला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“आजोबा? आज शनिवार आहे?”

तिनं तोंड उघडलं. भावाला ऐकवायची वाक्यं तयार होती. पण आपल्याला एक आत्या आहे, हे या मुलीला कुणी सांगितलंय की नाही, तेच तिला ठाऊक नव्हतं.

“कोण बोलतंय?” पलीकडून आवाज आला.