डाव्या हाताचं बोट

"शोको, डावीकडे बघ!" मी ओरडले. तिची ढाल वेळेवर वळली आणि अंगावर आलेला पोरगा तिच्यावर आपटून चिखलात बसला.

आम्ही सगळ्या वस्तीतल्या सुइणी. मधोमध पापानचा नवरा चालत होता, पाठीवर पापानला बांधून. पहिल्याच बाळंतपणात, त्या सकाळी, ती बाळासकट गेली होती. अशी बाई म्हणजे लढाईत पडलेला वीर: पडलेले पुरुष सकाळचा सूर्य माथ्यापर्यंत नेतात, तिथून मावळतीपर्यंत अशा बायका. सूर्य मावळताना तिला देवीच्या अंगणात पुरायचं. पण तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट किंवा केसांची बट ज्याच्या ढालीत असेल, त्याच्यापुढे शत्रू आंधळा होतो. म्हणून लढाईला निघालेली तरणी पोरं वाटेत झडप घालणार हे ठरलेलं, आणि त्यांना हाणून लावणं हे आम्हा म्हाताऱ्यांचं काम. आमच्या गुडघ्यांची चौकशी मात्र कोणी करत नाही.

"ए आज्यांनो, घरी जाऊन मका दळा!" एकजण ओरडला.

"आधी मानेवरची शेंडी उतरव, मग आम्हाला शिकव!" मी म्हटलं. पहिला कैदी धरल्याशिवाय ती शेंडी उतरत नाही. त्याचेच सोबती त्याला हसले.

शोको हसली नाही. पापान जन्मली तीही तिच्याच हातात. शेवटच्या कळांमध्ये पोरीने तिचा हात धरून म्हटलं होतं, "मला त्यांच्या हाती लागू देऊ नकोस." शोकोने शब्द दिला होता. पण नंतर टोपली आवरताना तिची नाळ कापायची काळ्या काचदगडाची पाती जागेवर नव्हती, आणि तेव्हापासून तिचं तोंड मिटलेलं होतं. तिचा थोरला मागच्या लढाईत गेला होता. धाकट्या मिस्त्लीला दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. घरात ती दोघंच, तेव्हा पाती कोणी नेली हे विचारायला नको होतं.

कालव्यावरच्या अरुंद पुलावर आमची रांग लांबली आणि तो खालच्या होडीतून वर चढला. नेमका शोकोसमोर. हातात तीच पाती. पापानचा डावा हात नवऱ्याच्या खांद्यावरून खाली लोंबत होता, अगदी त्याच्या आवाक्यात.

"आई, सरक."

"मागे हो, मिस्त्ली."

"एक बोट गं. तिला आता काय करायचंय त्याचं? दादाकडे असतं तर तो परत आला असता."

शोकोची ढाल खाली आली. खरंच आली, मी पाहिली. माझ्या अंगावर दोघे धावून आले होते, मला तिच्यापर्यंत पोचता येईना. ती नुसती एक पाऊल सरकली असती तरी पुरे होतं. कोणाला कळलंही नसतं. मी बोलले नसते.

मिस्त्लीने पापानचा तो हात धरला.

तेवढ्यात शोकोने ढालीची कड त्याच्या मनगटावर घातली. पाती पुलावर पडून फुटली.

"लढाईआधीच मारलंस मला तू," तो म्हणाला. मनगट धरून तो होडीत उतरला. मागे वळून पाहिलं नाही. आम्ही पापानला अंगणात नेलं आणि उजेड होता तोवर पुरलं. पोरं थडगंही उकरतात, म्हणून पुढचे चार दिवस तिथे आमची आळीपाळीने राखण.

पहाटे मी मक्याची पेज घेऊन शोकोकडे गेले. मिस्त्ली दारात शिदोरी बांधत होता. मनगट सुजलेलं. शोको आतून आली. डोक्यावरचे पिकले केस तिने कानाशी कापले होते, आणि त्यांची जुडी तिच्या हातात होती.

"यानं काही होत नाही, आई," तो म्हणाला. "तू बाळंतपणात मेली नाहीस."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"माझ्याकडे दुसरं काही नाही रे." तिने जुडी पुढे केली. "तू परत ये. पण पडलासच, तर सकाळचा सूर्य तू माथ्यापर्यंत नेशील आणि तिथून पुढे पापान नेईल. तिच्या हाती तो सोपवशील ना, तेव्हा त्या हाताकडे बघायची लाज वाटायला नको तुला."

मिस्त्लीने तिच्या हातातली जुडी घेतली. मग त्याने ढाल उलटी केली. सुजल्या हाताने गाठ बसेना.

"तेयाकामावशी, जरा धर की," तो मला म्हणाला.

मी जुडी धरली, त्याने ती ढालीच्या आत बांधली. रस्त्यावर शंख वाजला आणि तो निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत शोको उभी होती. मग तिने पेज न पिताच आपली ढाल उचलली. पापानच्या थडग्यावरची राखण अजून संपली नव्हती.