दोन किलो आठशे वीस

"अहो आजोबा, काय करताय? वजनकाटा आहे तो, खेळणं नाही!"

सिस्टरच्या आवाजाने काटेवाल्यांनी मान वर केली, पण हातातलं वजन काही मागे घेतलं नाही. फडक्यात धरलेलं पितळेचं एक किलोचं वजन त्यांनी अलगद बाळांच्या काट्यावर टेकवलं आणि वाकून आकड्याकडे बघत राहिले. आपल्या वजनांना ते कधीही नुसत्या बोटांनी शिवत नसत. बोटाचा घाम लागतो आणि वजन बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. घरात त्यावरून त्यांची बरीच थट्टा व्हायची. बायको म्हणायची, "माझा हात धरायला कधी फडकं शोधलं नाहीत ते नशीब."

आकडा बरोब्बर एक किलोवर थांबला. त्यांनी अर्ध्या किलोचं वजन वाढवलं, मग दोनशे ग्रॅमचं, मग छोटी छोटी वजनं. काटा कुठेही चुकला नाही.

"झालं समाधान?" सिस्टर म्हणाली. तिच्या हातात स्पिरिटचा बोळा तयारच होता.

"चांगला आहे काटा तुमचा," काटेवाले म्हणाले. पण काट्याने दगा दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

बाजारात सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. बत्तीस वर्षं ते वजनकाटे दुरुस्त करत होते. धान्याच्या दुकानातला असो नाहीतर पोस्टातला, बिघडलेला काटा त्यांच्याकडे यायचा आणि चार दिवसांनी सुतासारखा सरळ होऊन जायचा. काटा नीट चालत असला की त्यांना बरं वाटायचं. आजपर्यंत एकदाही त्यांनी एखादा काटा खोटा निघावा म्हणून मनातून धावा केला नव्हता. आज केला होता.

गुरुवारी त्यांची सून बाळंत झाली. पाच आठवडे आधीच. मुलगी झाली. एक किलो सातशे चाळीस ग्रॅम. आणि आज शनिवारी, म्हणजे दोन दिवस दूध पाजून झाल्यावर, त्याच काट्यावर एक किलो सहाशे साठ. वाढायचं सोडून घटलीच पोर. मग काट्यावर संशय नाही घ्यायचा तर कुणावर घ्यायचा? म्हणून ते घरून वजनांची पेटी पिशवीत घालून घेऊन आले होते.

"सगळीच बाळं पहिले काही दिवस थोडी उतरतात," सिस्टर काटा पुसत म्हणाली. आता तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "मग चढायला लागतात. दोन किलोची झाली की काचेच्या पेटीतून बाहेर काढू. तोवर धीर धरा, आणि ते तुमचं लोखंड घरी ठेवा."

"पितळ आहे," काटेवाले पुटपुटले.

वॉर्डात सून उशीला टेकून बसली होती. सासूबाई तिच्या केसांचा गुंता सोडवत होत्या. सासरा येताना दिसला तसं सुनेने आधी त्याच्या पिशवीकडे आणि मग तोंडाकडे पाहिलं.

"काटा बरोबर आहे ना, बाबा?"

"बरोबर आहे."

तिने पिशवीवरची नजर काढून घेतली. त्यांच्या येण्याची वाट बघत तिनेही तीच आशा धरून ठेवली होती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"उद्या रविवार," ती थोड्या वेळाने म्हणाली. "चार वाजता फोन येईल त्यांचा."

तिचा नवरा, म्हणजे काटेवाल्यांचा एकुलता एक मुलगा, सैन्याच्या प्रशिक्षणाला जाऊन बारा आठवडे झाले होते. आणखी बारा राहिले होते. तिथे मोबाईल जमा करून घेतलेले. रविवारी दुपारी रांगेत उभं राहायचं आणि मिळाली तर दहा मिनिटं बोलायचं. आपल्याला मुलगी झाली हेही अजून त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबाने बाळ यायला अजून महिना होता.

"मुलगी झाली म्हणून सांगू, आधीच झाली तेही सांगू," सून म्हणाली. "पण पेटीत आहे हे नाही सांगायचं. आणि वजन तर अजिबात नाही."

"अगं, बाप आहे तो तिचा," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच, आई. कळलं तर तिथे एक क्षण थांबणार नाहीत. सुटी मागतील, भांडून मागतील. सात दिवसांच्या वर गैरहजर राहिलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून, पुढच्या तुकडीबरोबर. म्हणजे आणखी सहा महिने. जाताना किती कष्टाने गेलेत, तुम्हाला माहितीये ना."

माहीत होतं. काटेवाल्यांना तर जास्तच. पहिल्या वर्षी भरतीत पोरगा धावला, उड्या मारल्या, छाती फुगवली, आणि दीड किलो वजन कमी म्हणून बाहेर आला. त्या भरतीतला काटा आठवड्यापूर्वीच काटेवाल्यांच्या दुकानातून दुरुस्त होऊन गेला होता. काटा परत जायच्या आदल्या दिवशी पोराने नुसतं विचारलं होतं, "बाबा, एक दोन किलो इकडे तिकडे नाही का करता येत?" आणि ते म्हणाले होते, "काटा म्हणजे काटा." मग आठ दिवस बापलेकांत अबोला. पुढच्या वर्षी त्याने केळी खाऊन आणि दूध पिऊन पिऊन वजन वाढवलं आणि स्वतःच्या जिवावर निवडून आला. काटेवाल्यांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता, पण ते त्याला सांगायचं राहूनच गेलं.

"तो वजन विचारणारच," काटेवाले म्हणाले.

"म्हणून तर म्हणते." सुनेने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मी सांगितलेलं त्यांना पटणार नाही. आईंनी सांगितलेलंही नाही. म्हणतील, बाबांना द्या. तुम्ही कधी खोटं वजन सांगत नाही, हे त्यांना माहितीये. तुम्ही पावणेतीन सांगा, बाबा."

"मी?"

"दुसरं कोण?"

काटेवाले पिशवी उचलून बाहेर पडले, आणि आपण कुठे चाललोय हे जिना उतरून झाल्यावरही त्यांना ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. एका काट्याची तबकडी खोलून स्प्रिंग बाहेर काढली आणि ती हातात धरून दहा मिनिटं नुसते उभे राहिले. दाराशी मोठा, माणसं चढतील असा फळीचा काटा होता. पोरगा लहानपणापासून दुकानात आला की आधी त्यावर उडी मारायचा, वजन बघायचा आणि मगच बोलायचा. दाराच्या चौकटीवर त्याच्या वजनांच्या खुणा होत्या. जन्माच्या दिवसापासूनच्या, पेन्सिलीने आकडा आणि शेजारी तारीख. बाहेरगावी निघाला त्या सकाळचीही एक. तेव्हा तो चौकटीच्या दुसऱ्या बाजूवर हात फिरवून म्हणाला होता, "इथे माझ्या बाळाची. पहिली खूण तुम्ही करा, बाबा."

तीन वाजता ते दवाखान्यात पोचले. सव्वातीनला पाणी प्यायले. साडेतीनला बायको म्हणाली, "अहो, बसा की एका जागी. तुमच्या फेऱ्यांनी फरशी झिजेल." चारला फोन वाजला नाही. चार वाजून पाच मिनिटांनीही नाही. चार वाजून बारा मिनिटांनी वाजला.

सून बोलली. हसली, रडली, "हो हो, अगदी तुमच्यावर गेलीये" म्हणाली. पलीकडचा ओरडा सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला. मग ती ऐकत राहिली, आणि तिने फोन पुढे केला.

"बाबा!" पोराचा आवाज चिरकला होता. मागे कुणीतरी "लवकर आटप" म्हणत होतं. "बाबा, एवढ्या आधी कशी झाली? ठीक आहे ना? ही म्हणते ठीक आहे, आई म्हणेल ठीक आहे. तुम्ही सांगा. किती भरली?"

पावणेतीन म्हणायचं होतं. पण बत्तीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. खोटं सांगणारा नेहमी गोल आकडा सांगतो. आणि हे पोरगं त्यांच्याच दुकानात वाढलेलं.

"दोन किलो आठशे वीस," ते म्हणाले.

"तुम्ही स्वतः केलंत?"

"काटा तपासून घेतला. माझी वजनं लावून."

हे तरी खरं होतं. पलीकडे पोरगा रांगेतल्या सगळ्यांना ओरडून सांगायला लागला, दोन किलो आठशे वीस, आठव्या महिन्यात दोन किलो आठशे वीस! कुणीतरी शिट्टी वाजवली. पोराला खोकला आला.

"खोकतोयस का रे?"

"धूळ हो, बाबा. मी मजेत आहे. चार किलो वाढलोय, माहितीये? तुमच्या काट्यावर मावणार नाही आता."

फोन बंद झाला. सुनेने सासऱ्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. काटेवाल्यांना मात्र वाटत होतं, आता आपण शपथेवर सांगितलं तरी आपण तपासलेल्या काट्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

मुलगी अठराव्या दिवशी दोन किलोची होऊन घरी आली. त्या दिवसापासून काटेवाल्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं. रोज सकाळी अंघोळीनंतर, दूध पाजायच्या आधी, वजन. बायको म्हणायची, "नात आहे की कापसाचा गठ्ठा?" तरी रोज ती स्वतःच फडकं पसरून द्यायची. दर रविवारी सून फोनवर "छान आहे" म्हणायची, आता ते खरंही होत चाललं होतं, पण काटेवाल्यांची तळमळ काही कमी होईना. चौकटीची ती बाजू कोरी होती. बायकोने दोनदा विचारलं, एक किलो सातशे चाळीस लिहून का टाकत नाही? ते लिहिलं तर पोराला सांगितलेलं खोटं चौकटीवर उघडं पडणार. आणि दोन आठशे वीस लिहून जन्मतारीख घालायची, तर हात उठेना. मग मुलगी खरोखरच तेवढी भरेल त्या दिवसाची ते वाट बघायला लागले.

पंचेचाळिसाव्या दिवशी मुलगी दोन किलो सातशे नव्वद भरली. सेहेचाळिसाव्या दिवशी दोन आठशे पस्तीस.

"आठशे वीस ओलांडून गेली की हो!" काटेवाले हताश होऊन म्हणाले.

"अहो, टोपी घातलीये तिने," सून म्हणाली. "आज गार आहे म्हणून."

टोपी काढली. मुलीने तोंड वाकडं केलं, एकदा शिंकली आणि पडून राहिली. दोन किलो आठशे वीस. काटेवाले दुकानाकडे अक्षरशः धावत गेले. पेन्सिलीला टोक केलं, आकडा लिहिला आणि शेजारी त्या दिवसाची, खरी तारीख घातली. मग चौकटीला टेकून उभे राहिले आणि त्यांना भर बाजारात रडू आलं.

पोरगा आला तो एका मंगळवारी दुपारी. घरी न जाता पिशवी खांद्यावर घेऊन आधी दुकानाशीच थांबला, कारण सून मुलीला घेऊन तिथेच वाट बघत बसली होती. केस बारीक कापलेले, रंग रापलेला. त्याने मुलीला घेतलं, पण कसं धरायचं ते कळेना, तेव्हा सगळे एकदम शिकवायला लागले. मुलीने त्याच्या नव्या बिल्ल्याला हात घातला.

हसता हसता त्याची नजर चौकटीवर गेली. आकडा वाचून तो खूश झाला. मग त्याने तारीख वाचली. पुन्हा वाचली. त्याची बोटं मुलीच्या पाठीवर एक दोन करत मोजायला लागली आणि थांबली.

"बाबा, ही तारीख..."

"तारीख बरोबर आहे," काटेवाले म्हणाले.

सुनेने मान खाली घातली.

"मग झाली तेव्हा?"

"एक किलो सातशे चाळीस. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती." "आधी सांगितलं असतं तर तू धावत आला असतास."

"आलो असतो," तो म्हणाला. त्याने मुलीचं डोकं गालाशी धरलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग जणू काहीतरी करायलाच हवं म्हणून त्याने मुलीला बायकोकडे दिलं आणि लहानपणापासूनच्या सवयीने दारातल्या मोठ्या काट्याकडे वळला. एक पाय फळीवर ठेवला. दुसरा उचललाच नाही.

काटेवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कॉलरच्या वर गळ्याची हाडं दिसत होती. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं होती आणि पट्टा शेवटच्या भोकात होता. तो आल्यापासून दोनदा खोकला होता. चार किलो वाढलोय म्हणाला होता. काटेवाल्यांना माणसाचं वजन सांगायला काटा लागत नसे.

पोरगा बापाकडे बघत होता, पाय फळीवर तसाच.

रोजच्यासारखी आजही सकाळी काटेवाल्यांनी त्या काट्यावर वजनं लावून पाहिली होती. तो एका ग्रॅमनेही चुकत नव्हता.

"चढू नको त्यावर," ते म्हणाले. "बिघडलाय तो."

पोराने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने पाय खाली घेतला.